राउटर जळला, लॅपटॉप कामाला लागला

जूनच्या पहिल्याच गडगडाटात फोंड्यातल्या आमच्या घरचा वायफाय राउटर गेला. अडाप्टरला जळका वास. फायबरचा डबा मात्र शाबूत होता. आमच्या कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड त्या डब्यातच भरलेलं, म्हणून लॅनची केबल थेट लॅपटॉपला लावताच नेट आलं. पण आईचा फोन, टीव्ही, मुलीचा टॅब कोरडेच!

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्कमध्ये जाऊन मोबाइल हॉटस्पॉट उघडला. कुठलं नेट वाटायचं तिथे इथरनेट, म्हणजे ती लॅनची केबल, निवडलं, कशावरून तिथे वायफाय. नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुन्या राउटरचेच दिले. फोन आणि टॅब आपोआप जोडले गेले, कुणाला काही समजावत बसावं लागलं नाही.

टीव्हीला मात्र नाव दिसेना. अर्धा तास त्याच्याशी झुंजलो. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर प्रसारण करत होता आणि आमचा म्हातारा टीव्ही फक्त २.४ ओळखतो. बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, बदलला, झालं. चिऱ्याच्या जाड भिंतींतूनही २.४ जरा बरा पोचतो.

रात्री आईने सवयीने लॅपटॉप मिटला आणि तिची मालिका ऐन रंगात थांबली. मग पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर 'काहीही करू नका' ठेवलं, चार्जरवर असताना झोपेची वेळही 'कधीच नाही' केली. पंख्याची हवा अडू नये म्हणून झाकण तरी उघडंच ठेवतो. एकावेळी आठच उपकरणं चालतात, आमची पाच.

नवा राउटर येईपर्यंत अकरा दिवस असंच चाललं. आता ढग गरजले की आईच आधी प्लग उपटते.