तीन दिवसांत वाचून होईल असं रेकॉर्ड

अमेरिकेत एखाद्या राज्याच्या कोर्ट सिस्टिमवर काम मिळालं की कधी ना कधी हे तिकीट गळ्यात पडतंच: ‘बंदुकीच्या बॅकग्राउंड चेकसाठी जाणारं रेकॉर्ड अर्धवट आहे, सुधारा.’ मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. नव्याने आलेल्या मुलामुलींना तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते. बंदुका असाव्यात की नसाव्यात हा वाद इथे नको. त्यावर आमच्या टीममध्येही दोन तट आहेत, आणि रेकॉर्ड दोघांनाही नीटच हवं असतं.

आधी हे रेकॉर्ड वाचतं कोण, ते समजून घ्या. गिऱ्हाईक परवानाधारक दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरतं, दुकानदार ‘निक्स’कडे, म्हणजे बॅकग्राउंड चेकच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे, विचारणा करतो. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून आलेली ही यंत्रणा एफबीआय ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालवते, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून. काही राज्यांत मधे राज्याचंच खातं असतं. नाव तीन ठिकाणी शोधलं जातं: एनसीआयसी, ज्यात वॉरंट आणि संरक्षण आदेश (एखाद्यापासून दूर राहा, असे कोर्टाचे आदेश) असतात, ट्रिपल आय, ज्यात राज्याराज्यांतला गुन्हेगारी इतिहास असतो, आणि निक्सच्या स्वतःच्या इंडायसेस, म्हणजे बंदूक घ्यायला बंदी असलेल्यांच्या याद्या. बहुतेकांना मिनिटांत उत्तर मिळतं. काही खटकलं तर ‘डिले’ लागतो, म्हणजे उत्तर लांबतं, आणि फाइल एक्झामिनरपुढे, म्हणजे तपासनिसापुढे, येते. कामाचे तीन दिवस उलटून उत्तर आलं नाही, तर संघीय कायद्याने दुकानदाराला बंदूक देता येते. द्यायलाच हवी असं नाही, पण मनाईही नाही. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल तर २०२२ च्या कायद्यानंतर ही मुदत गरजेप्रमाणे दहा कामाच्या दिवसांपर्यंत वाढते.

तर तुमचा वाचक हा. त्याने तुमची काउंटी पाहिलेली नाही, तुमच्या जज्जसाहेबांची संक्षिप्त रूपं त्याला कळत नाहीत, आणि मुदत सरत चाललेली असते. प्रत्येक फील्ड त्याच्या नजरेने तपासायचं.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचं उदाहरण मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये देते. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या हल्लेखोराने बंदूक घ्यायला अर्ज केला तेव्हा ड्रग्जच्या अटकेची नोंद एक्झामिनरला दिसली होती. पण अटक करणाऱ्या खात्याचं नाव चुकीचं लागलं होतं. विचारणा भलत्याच कार्यालयांकडे गेली, तीन दिवस संपले, बंदूक हातात पडली. १७ जूनला चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेली. सर्व्हर चालू होते, नेटवर्क चालू होतं. एका फील्डमध्ये एका खात्याऐवजी दुसरं खातं होतं, इतकंच.

आता कामाकडे. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते अटक आणि निकाल यांच्या सांध्यावर. अटकेच्या वेळी ठसे घेतले जातात, त्यांना एक ट्रॅकिंग नंबर मिळतो, आणि राज्याच्या रेपॉझिटरीत, म्हणजे गुन्हेगारी नोंदींच्या मध्यवर्ती साठ्यात, अटकेची नोंद होते. निकाल कोर्टात लागतो, महिन्यांनी, कधी वर्षांनी, वेगळ्याच सिस्टिममध्ये. निकालासोबत तो नंबर आला नाही तर रेपॉझिटरीला निकाल कुठे चिकटवायचा ते कळत नाही. मग अटक उघडीच राहते आणि निकाल अनाथ. यात दोषी ठरलेला सुटतो हे सगळे बोलतात. पण निर्दोष सुटलेल्या माणसाला प्रत्येक खरेदीला ‘डिले’ लागतो तोही ह्यामुळेच.

डॅशबोर्डवर जाऊ नका, तिथे सगळं हिरवंगार असतं. रिजेक्ट झालेल्या नोंदींची यादी मागा. एका काउंटीत मी ती उघडली तर पानंच्या पानं ट्रॅकिंग नंबर ‘९९९९९९९९’. काउंटरवर जाऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. नंबर बुकिंग शीटच्या (अटकेनंतर पोलीस भरतात त्या नोंदीच्या) कार्बन कॉपीवर यायचा आणि तिसऱ्या प्रतीवर तो वाचताच यायचा नाही. त्यातच वरून कोणीतरी ते फील्ड अनिवार्य केलेलं. समोर रांग, स्क्रीन पुढे सरकत नाही, बाई नऊची कळ दाबून मोकळ्या. त्यांचं काय चुकलं? माणसाकडे जी माहिती नाही ती अनिवार्य केली की कचराच येणार. नंबर टाइप करायला लावूच नका, बुकिंग सिस्टिममधून थेट खेचा. ते जमत नसेल तर शीटवर बारकोड छापून घ्या. आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय उघडपणे द्या, म्हणजे अशा केसेसची रोजची यादी तरी निघेल.

जोडणी आरोपागणिक हवी, केसगणिक नाही. अटकेत तीन कलमं असतात, सरकारी वकील एक बदलतो, एक सोडून देतो, नवीन एक घालतो. सिस्टिम फक्त ‘केस बंद’ पाठवत असेल तर क्लार्क्सबर्गच्या माणसाने त्यातून काय समजायचं?

काही केसेसमध्ये तर ठसेच नसतात. समन्स पाठवून माणूस थेट कोर्टात येतो, बुकिंग होत नाही, आणि रेपॉझिटरीच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. उपाय सोपा आहे: पहिल्या तारखेलाच जज्जने ठशांचा आदेश द्यायचा आणि लाइव्ह स्कॅनचं, म्हणजे डिजिटल ठसे घेण्याचं, यंत्र कोर्टाच्या इमारतीतच ठेवायचं. दुसऱ्या इमारतीत पाठवलेला माणूस तिथे पोचेलच याची खात्री नसते. ठसे आणि निकाल न पाठवण्याची किंमत सदरलँड स्प्रिंग्जमध्ये दिसली. तिथल्या हल्लेखोराला बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल हवाई दलाच्या कोर्ट मार्शलने २०१२ मध्ये दोषी ठरवलं होतं. हवाई दलाने ते एफबीआयला कळवलंच नाही. ५ नोव्हेंबर २०१७ ला टेक्सासच्या त्या चर्चमध्ये २६ बळी गेले. २०२१ मध्ये संघीय न्यायाधीशाने ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली, आणि २०२३ मध्ये तडजोड झाली १४.४५ कोटी डॉलरला. ‘या इंटिग्रेशनला बजेट नाही’ असं कुणी म्हणालं की मी हा आकडा पुढे सरकवते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो घरगुती हिंसाचाराच्या छोट्या केसेसना. १९९६ पासून जोडीदारावरच्या हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला बंदूक बाळगता येत नाही. पण कित्येक राज्यांत कलमाचं नाव नुसतं ‘हल्ला’. बारमधली मारामारी आणि बायकोला मारहाण, दोन्हींची नोंद एकाच कलमाखाली, एकाच कोडने. मार खाणारी कोण होती हे फक्त तक्रारीच्या कागदावर असतं, आणि तो कागद फाइलमध्ये. युनायटेड स्टेट्स विरुद्ध हेज या २००९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नातं हा कलमाचाच भाग असण्याची गरज नाही, पण ते सिद्ध झालेलं हवं. म्हणून शिक्षा नोंदवण्याच्या स्क्रीनवरच नात्याचं फील्ड ठेवा: पती-पत्नी, माजी पती-पत्नी, एकत्र राहणारे, दोघांचं मूल असलेले, आणि २०२२ नंतर डेटिंगचं नातंही. सोबत उपकलम, आणि आरोपीला वकील होता की त्याने तो हक्क सोडला, हेही घ्या. ते नसलं तर शिक्षा या बंदीसाठी धरता येईल की नाही यावरच एक्झामिनर अडकून बसतो. ही माहिती सुनावणीच्या क्षणी जज्ज, वकील, क्लार्क सगळ्यांना तोंडपाठ असते. आठवड्याने ती शोधायला तळघरात माणूस पाठवावा लागतो.

संरक्षण आदेशांचं थोडक्यात: आदेश बजावला कधी, सुनावणीची नोटीस मिळाली का, संपतो कधी. या तीन गोष्टींवर ब्रेडी इंडिकेटरचं, म्हणजे या आदेशामुळे बंदूक घ्यायला बंदी लागते का या खुणेचं, बरंचसं उत्तर ठरतं. बजावणीची तारीख शेरीफकडे आणि आदेश कोर्टात असं असेल, तर आधी तो दुवा जोडा.

मानसिक आरोग्याच्या नोंदींना लोक बिचकतात, आणि ते रास्तच आहे. इंडायसेसमध्ये आजाराचं नाव, औषधं, डॉक्टरांचे शेरे काहीही जात नाही. जातं ते नाव, जन्मतारीख अशी ओळख आणि बंदी लागू आहे एवढंच. तुमच्या एक्स्पोर्टमध्ये चुकून निदानाचा कॉलम आला असेल तर तो त्याच दिवशी काढा. पण पाठवायलाच नको असंही नाही. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातल्या हल्लेखोराला डिसेंबर २००५ मध्ये बाह्यरुग्ण उपचारांचा कोर्टाचा आदेश होता. राज्य तेव्हा फक्त रुग्णालयात दाखल करण्याचे आदेश कळवायचं. १६ एप्रिल २००७ ला ३२ जण गेले. त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये निक्स सुधारणा कायदा आला. प्रिंट्झ खटल्याच्या १९९७ च्या निकालामुळे केंद्राला राज्यांच्या अधिकाऱ्यांना या कामाला जुंपता येत नाही, म्हणून त्यात अनुदानाचं आमिष आहे. कोणता आदेश कळवायचा हे तुमच्या राज्याचा कायदा ठरवतो. तेव्हा कोड लिहिण्याआधी राज्याच्या वकिलाकडून आदेशांच्या प्रकारांची यादी लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, तेच’ चालत नाही.

आत जायचा दरवाजा बांधताना बाहेर पडायचाही बांधा. अपिलात शिक्षा रद्द झाली, रेकॉर्ड पुसायचा आदेश आला, हक्क परत मिळाले, संरक्षण आदेश मागे घेतला, या प्रत्येकाचा संदेश आपोआप गेला पाहिजे. ज्याला नकार मिळतो तो एफबीआयकडे कारण मागू शकतो, आव्हान देऊ शकतो. पण मूळ नोंद चुकलेली असेल तर तो फिरून तुमच्याच काउंटरवर येतो. तिथे त्याला ‘आमच्याकडे काही नाही’ असं ऐकायला लागू नये. जाता जाता, लग्नाकार्यात भेटणारे लोक मला विचारतात की सरकार यातून बंदूकवाल्यांची यादी बनवतं का. मंजूर झालेल्या खरेदीदाराची ओळख पटवणारी माहिती निक्सला २४ तासांत नष्ट करावी लागते.

अनुदानासाठी एनसीएचआयपी आणि एनएआरआयपी हे रेकॉर्ड सुधारण्याचे दोन संघीय कार्यक्रम बघा. अर्जात सॉफ्टवेअर सगळेच मागतात. तुम्ही जुन्या फाइली उपसणाऱ्या माणसांचा पगार मागा. बॅकलॉग तारखेच्या क्रमाने उपसू नका. आधी बंदी लावू शकणारी कलमं, त्यातही नात्याचं फील्ड रिकामं असलेली, आणि त्यात सगळ्यात ताजी वर. कागद सापडला नाही तर शोध कुठवर घेतला ते नोंदवून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तेच कपाट पुन्हा उघडतो.

शेवटी संपर्काचं फील्ड. तिथे व्यक्तीचं नाव घालू नका, ती निवृत्त होते. विभागाची लाइन आणि सामायिक ईमेल द्या, आणि दर तीन महिन्यांनी बाहेरच्या फोनवरून त्या नंबरवर कॉल लावून बघा. शुक्रवारी दुपारी चारनंतर लावा.