पाटीवर फक्त आकडा असतो, नावं आपण शोधायची: गावच्या महायुद्धातल्या सैनिकांचं प्रदर्शन कसं भरवावं

सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली असते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं सहसा नसतात. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तेच केलंय. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीवार नुसती संख्या दिली. म्हणून गावात असं प्रदर्शन भरवायचं मनात असेल, तर तोफा-रणगाड्यांची चित्रं गोळा करत बसू नका. नावांपासून सुरुवात करा.

पहिलं काम: यादी

यासाठी निदान चार-पाच महिने हाताशी ठेवा. पाटीचा स्वच्छ फोटो घ्या, त्यावरचे आकडे वहीत लिहा आणि घरोघर फिरा. 'महायुद्ध' या शब्दाने म्हाताऱ्या माणसांना काही आठवेलच असं नाही. 'जर्मनची लढाई', 'बसऱ्याला गेलेले आजोबा' असं म्हटलं की बोलणं सुरू होतं. गावातली एकही वस्ती वगळू नका. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली महार रेजिमेंट. शिवाय खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, मजूर हेही समुद्रापार गेले होते. त्यांनी बंदूक धरली नाही म्हणून ते यादीबाहेर राहिले, तर पाटीतली उणीव आपणच पुन्हा करू.

सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मधे तारखा दुरुस्त करत बसू नका. घरातली आठवण आणि दप्तरातली नोंद जुळली नाही, तर प्रदर्शनात दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि कोणती कुठून आली ते लिहा.

नोंदी पडताळणं

मृतांसाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी, ती फुकट पाहता येते. हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक मिळतं. पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही. अडचण स्पेलिंगची. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. त्यामुळे नावाने सापडलं नाही तर पलटण आणि गावाच्या नावाने शोधा, गावाचं स्पेलिंगही चार तऱ्हांनी करून बघा.

पलटणींच्या आकड्यांनी गोंधळू नका. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी अनुक्रमे नव्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. एका घरात '११७ पलटण' आणि दुसऱ्या घरात 'पाच मराठा' ऐकलंत, तर ते एकाच पलटणीबद्दल असू शकतं.

जे परत आले त्यांचा माग कमिशनच्या यादीत लागणार नाही. तिथे पत्र्याच्या ट्रंकेतले डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक आणि पदकं कामी येतात. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते; भिंग लावून वाचा. आणि पदक चिंचेने किंवा पावडरने घासू नका, कुणाला घासू देऊही नका. कडेवरची अक्षरं झिजली की शंभर वर्षं टिकलेला पुरावा पाच मिनिटांत जातो.

वस्तू घेणं आणि मांडणं

प्रत्येक वस्तूची दोन प्रतींत पावती करा. वर्णन, आधीचे ओरखडे, कधी परत देणार, सगळं त्यात हवं. शक्यतो पत्रं आणि फोटो स्कॅन करून मूळ वस्तू त्याच दिवशी परत द्या आणि भिंतीवर छापील प्रत लावा. लहान फोटो ६०० डीपीआयने स्कॅन करा. मूळ कागद ठेवायचाच असेल तर लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, ऊन नको. कागद आणि फोटोंवर ५० लक्सच्या आसपास मंद उजेड पुरे. कुणी जुना बॉम्बगोळा किंवा काडतूस आणलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

मांडणी माणसागणिक करा. एका फलकावर एक माणूस: नाव, गावातलं घर, पलटण, कुठे गेला, काय झालं, मागे कोण राहिलं. मजकूर ऐंशी-शंभर शब्दांपुढे नको, आणि अक्षर म्हाताऱ्यांना दोन हातांवरून वाचता येईल एवढं मोठं. एक मोठा नकाशा मात्र हवाच. मुंबईहून बसरा, तिथून टायग्रिस नदीने वर कूतपर्यंतची वाट लोकरीच्या दोऱ्याने दाखवली की मुलं त्यावर बोट ठेवून चालत जातात.

व्याख्यानं

दोन किंवा तीनच ठेवा, चाळीस मिनिटांची, आणि प्रश्नांना तेवढाच वेळ. विषय 'महायुद्ध' असा अवाढव्य नको. कूतचा वेढा घ्या: डिसेंबर १९१५ पासून उपाशी राहून लढलेली फौज २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण आली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ मराठा होत्या, आणि कैदेत असंख्य शिपाई मेले. किंवा दुसऱ्या महायुद्धातली इटलीची मोहीम घ्या, जिथे नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. घाडगे त्या लढाईतच पडले. वक्त्याला आधीच सांगा, उपासमार, कैद, मागे राहिलेल्या बायकांचे हाल हे सगळं बोलायचं. शौर्य त्याने कमी होत नाही. सैनिकाच्या घरचं कुणी समोर बसलं असेल, तर त्या घरची माहिती त्यांना आधी वाचून दाखवूनच व्यासपीठावर बोला.

प्रदर्शन उठल्यावर वस्तू पावतीप्रमाणे परत करा आणि प्रत्येक घराला स्कॅनचा संच द्या. मग सापडलेली नावं छापून पाटीशेजारी लावा. पाटीवर बत्तीस असतील आणि तुम्हाला एकोणीस सापडली असतील, तर खाली तेरा ओळी रिकाम्या सोडा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवा.