गावाचं बजेट कॅसिनोवर चालतंय? मग खरा हिशोब असा काढा

सगळ्यात आधी कॅसिनोवाले जो उत्पन्नाचा आकडा सांगतात तो समजून घ्या. लोकांनी लावलेल्या पैशातून जिंकणाऱ्यांना दिलेले वजा केले की जे उरतं ते त्यांचं उत्पन्न, म्हणजे सरळ सांगायचं तर लोक जेवढं हरले तेवढं. टॅक्स 20 टक्के असेल तर नगरपालिकेकडे 100 यायला कुणीतरी 500 हरलेलं असतं. हे कुणीतरी म्हणजे कोण, खरी मेख तिथेच आहे.

बाहेरचा माणूस हरला तर पैसा गावात आला, पण गावातलाच हरला तर तो पैसा किराणा, भाडं, मुलांची फी यातूनच गेलेला असतो आणि टॅक्स सोडून बराचसा मालकाबरोबर गावाबाहेर जातो. हे बघायला मोठा सर्व्हे नको, मंगळवारी रात्री पार्किंगमध्ये जाऊन नंबरप्लेट बघा. शनिवारी नका जाऊ, शनिवारी सगळंच छान दिसतं.

आता खर्च. तो कॅसिनोच्या पानावर कधीच सापडणार नाही कारण तो वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असतो, पोलिसांच्या नाइट ड्युट्या, दारू पिऊन केलेले अपघात, थकलेली भाडी, दिवाळखोरीचे अर्ज, आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे ऑफिसच्या किंवा संस्थेच्या पैशात केलेली अफरातफर. कॅसिनो यायच्या आधीची 5 वर्षं आणि नंतरची 5 वर्षं शेजारी शेजारी ठेवा, आणि सोबत कॅसिनो नसलेलं तेवढंच एखादं गाव पण घ्या, नाहीतर सगळीकडेच वाढलेली गोष्ट तुम्ही कॅसिनोच्या माथी माराल. गुन्ह्यांचं प्रमाण काढताना गावात येणारे पाहुणेसुद्धा मोजावे लागतात हो, नुसत्या लोकसंख्येने भागलं तर आकडा उगाच फुगतो. जुगाराच्या व्यसनासाठीच्या हेल्पलाइनच्या कॉल्सवर मात्र फार विसंबू नका, अडकलेला माणूस सहसा फोन करतच नाही.

मग अवलंबून किती आहोत ते बघा. इटलीचं कॅम्पिओने दितालिया, चहूबाजूंनी स्वित्झर्लंड, लोकसंख्या साधारण 2000 आणि कॅसिनो खुद्द नगरपालिकेच्या मालकीचा! 2018 मध्ये तो दिवाळखोरीत निघून बंद पडला तर नगरपालिकाही सोबत बुडाली, पगार अडकले, परत उघडायला 2022 उजाडलं. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो 1978 चा, पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले आणि 2014 या एका वर्षात तिथले 4 बंद झाले. शेजारी कॅसिनो येणार हे धरूनच चाला.

उलट अमेरिकेतल्याच डेडवूड या छोट्या गावाने 1989 पासून जुगाराचा बराच पैसा जुन्या इमारतींच्या जतनाला लावला. त्यात निदान पैसा आटला तर डागडुजी थांबते, शिक्षकाचा पगार नाही थांबत.

म्हणून बजेटच्या मीटिंगला जाताना एकच प्रश्न लिहून न्या, उद्या कॅसिनोला कुलूप लागलं तर पगार किती महिने निघतील? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.