फेजोआ फुलतो, पण फळ धरत नाही

दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडचं हे झुडूप इथे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये कुंपणालाच लावतात. आमचं नोव्हेंबरात भरभरून फुलायचं, फळ मात्र नाही. बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. ‘युनिक’ ही जात एकटी फळते, पण जोड असली तर बरंच. म्हणून शेजारी ‘अपोलो’ लावलं. ते फुलेपर्यंत दुसऱ्या जातीचं फूल आणून त्याच्या लाल केसरांवरची पिवळी पूड, मधून उंच डोकावणाऱ्या एकट्या काडीच्या टोकाला घासली. फळ धरलं.

जाड, गोडसर पाकळ्या खुशाल खा. फुलाच्या मधल्या भागाला हात लावू नका, फळ तिथेच धरतं. छाटणी फळं संपताच करा. फुलं नव्या फुटीवर येतात, वसंतात कात्री चालवली की हंगाम गेला. फळं तोडायची नाहीत, पडलेली रोज वेचायची. मधला गर पारदर्शक म्हणजे तयार, पांढरा म्हणजे कच्चं, तपकिरी म्हणजे उतरलेलं.