पॅनेलचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे

व्यापार कायद्याकडे वळणाऱ्यांना जागतिक व्यापार संघटनेची तोंडओळख असतेच, म्हणून थेट माझ्या फजितीवर येतो. फोर्टमधील एका वकिली कार्यालयात उमेदवारी करीत असताना माझ्याकडे साखर कारखान्याच्या संचालकांसाठी टिपण लिहिण्याचे काम आले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरून संघटनेच्या पॅनेलने, म्हणजे तंटा तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने, डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध अहवाल दिला होता. उसाला मिळणारे साहाय्य उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडते, असा त्यातील एक मुख्य निष्कर्ष होता. मी 'एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराची, पद्धत आता बदलावीच लागेल' असे ठोकून दिले. ज्येष्ठ वकील मॅडमनी एवढेच विचारले, "अहवाल स्वीकृत झाला का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

इथेच नवखा फसतो. संघटनेच्या तंटा निवारण मंडळाने स्वीकारल्याशिवाय अहवाल बंधनकारक होत नाही, आणि अपील दाखल झाले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्वीकृती थांबते. भारताने अपील केले. पण ते ऐकणार कोण? सात सदस्यांच्या अपील मंडळावरील नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. एका अपिलाला तीन सदस्य लागतात, ११ डिसेंबर २०१९ पासून एकच उरला, आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजी त्याचीही मुदत संपली. असे अपील अधांतरी राहते: हरलेला पक्ष सुटत नाही, जिंकलेल्याच्या हाती काही पडत नाही.

यावर २०२० पासून काही सदस्यांनी आपसांत अपिलाऐवजी लवादाची तात्पुरती सोय केली आहे. युरोपीय संघ, चीन, ब्राझील तीत आहेत, भारत नाही. म्हणून दोन्ही पक्ष त्या सोयीत आहेत का, हे आधी पाहावे. शिवाय २०२३ मध्ये भारत-अमेरिकेचे सहा तंटे आपसांतील तडजोडीने मिटले, हे पॅनेलचे अहवाल चाळून कळले नसते.

तयार सारांशांवर विसंबणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. मीही त्यांतलाच होतो. चुका लाल शाईने दुरुस्त करून देणाऱ्या वरिष्ठांपेक्षा एक प्रश्न विचारून गप्प बसणारे बरे, असे माझे मत आहे, जरी त्या दिवशी मला तसे मुळीच वाटले नव्हते. घाबरू नका, पाने कितीही असोत, अहवाल वाचता येतात. मात्र पहिल्या पानाआधी त्या तंट्याची सद्यःस्थिती तपासा. माझे टिपण परत आले, तेव्हा त्यातली दोन पाने मी स्वतःच फाडली.