मित्राने पाठवलेली पेटी उतरलेली आणि संथ वाजते: माझा उपाय

मित्र म्हापशाहून पेटी (हार्मोनियम) वाजवून रेकॉर्डिंग पाठवतो, मी फोंड्यात त्यावर घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) वाजवतो. त्याची पेटी काळी दोनची (म्हणजे त्या पट्टीला सा धरलेली). माझ्याकडे मात्र ती काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी लागायची, भजनही रेंगाळायचं. नुसता सूर चढवला, लय तशीच. तुकडे कापून जोडले, तर सम (तालाची पहिली मात्रा) निसटायची. जीव मेटाकुटीला आला.

कारण असं: रेकॉर्डिंग ४८००० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने; फाईलवर नोंद ४४१००ची, म्हणून ते नमुने सावकाश वाजतात. त्यामुळे १० मिनिटांचं भजन जवळपास ५३ सेकंद लांबतं.

फाईल ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडा. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून ‘रेट’मध्ये ४८००० निवडा. सूर आणि लय एकदमच जागेवर येतात. एक्स्पोर्ट करतानाही ४८०००च ठेवा. घुमट त्यानंतरच रेकॉर्ड करा. आधीचं जुळणार नाही.