क्रूझवर मळमळ टाळायची तर केबिन कुठली निवडावी

लाटांवर जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. पुढचं-मागचं टोक वरखाली होतं आणि डावी-उजवी बाजू कलते. दोन्ही हालचाली मधल्या भागात, पाण्याच्या पातळीजवळ सर्वांत कमी जाणवतात. म्हणून खालच्या डेकवरची, लांबीच्या मधोमध असलेली केबिन उत्तम. दोन्ही जमत नसेल तर आधी मध्य पकडा. बाजूंचं कलणं आवरायला मोठ्या जहाजांना स्टॅबिलायझर पंख असतात, पण टोकांची वरखाली त्यांनी फारशी थांबत नाही. अगदी पुढची केबिन तर टाळाच.

केबिनच्या नंबरावरून अंदाज बांधू नका, डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून जागा बघा. लिफ्टजवळची केबिन मध्यावरच असेल असंही नाही. केबिनच्या अगदी वरच स्वयंपाकघर किंवा नाचाचा हॉल नाही ना, तेही तपासा. झोपमोड झाली की मळमळ आणखी छळते.

खिडकी जरूर घ्या. क्षितिज दिसलं की डोळे आणि कानातली तोलाची यंत्रणा एकच गोष्ट सांगू लागतात. मात्र बाल्कनीच्या केबिन बहुधा वरच्या डेकवर असतात, त्यामुळे उंचावरच्या बाल्कनीपेक्षा खालची, मधली, साध्या खिडकीची खोली आम्ही केव्हाही सुचवू.

सर्वांत मोठी फसगत होते ती स्वस्त ‘गॅरंटी’ बुकिंगमध्ये. त्यात खोलीचा प्रकार ठरतो, पण जागा कंपनी निवडते. त्रास होणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे भरून केबिन नंबर आधीच पक्का करावा.